सहकर्जदार

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘सीमोल्लंघन’ आहे, परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांवर लिहा, असं संपादकांनी कळवलं. मुलांवर आजवर भरपूर लिहून झालंय. त्यांच्या आयांनी बांधून दिलेल्या मेतकुटावर, विमानतळावरच्या निरोपांवर, न्यू जर्सीतल्या गणपतीवरसुद्धा. मला बघायचं होतं ते त्यांना नेणाऱ्यांकडे, आणि ती गेल्यावर मागे उरणाऱ्या हिशेबाकडे. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात होते. इतकी माणसं नुसत्या हौसेने हलत नाहीत. त्यांना हलवायला यंत्रणा लागते.

मेळावा

ती यंत्रणा एका शनिवारी पुण्यातल्या एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये मांडून ठेवलेली दिसली. चाळीसेक टेबलं, प्रत्येकामागे एका विद्यापीठाचा उभा फलक, टेबलावर पेनं आणि कापडी पिशव्या. प्रवेश मोफत, दारात मोबाइल नंबर आणि ‘कोणता इनटेक?’ एवढं सांगायचं. सगळं चालतं वधू-वर मेळाव्यासारखं. दोन्ही बाजू हसतमुख, दोन्ही बाजूंना घाई, आणि पहिल्या तीन प्रश्नांत स्थळ पुढे न्यायचं की नाही हे ठरतं.

ते तीन प्रश्न मी टेबलामागे टेबल ऐकले. बॅकलॉग किती? गॅप आहे का? फंड्सचं काय? विचारणारे बहुतेक भारतीयच. विद्यापीठ लीड्सजवळ किंवा मेलबर्नजवळ, पण त्याचा ‘रीजनल मॅनेजर’ मुंबईत किंवा दिल्लीत राहतो, आणि सप्टेंबरपर्यंत किती मुलं बसवायची याचं त्याला टार्गेट असतं. एका टेबलावर ‘आज अर्ज केल्यास अर्जशुल्क माफ’ अशी पाटी होती. दुसऱ्यावर ‘स्पॉट ऑफर’: गुणपत्रिकांच्या झेरॉक्स दाखवा, अटींसह प्रवेशपत्र संध्याकाळपर्यंत ईमेलवर. पुणे विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट काढायला याहून जास्त वेळ लागतो, असं रांगेतला एक मुलगा म्हणाला आणि आजूबाजूचे सगळे हसले.

आईवडील भिंतीला लागून खुर्च्यांवर बसले होते, मांडीवर प्लास्टिकची फोल्डरं धरून. त्यांना कुणी फारसं काही विचारत नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच फोल्डरांत होतं.

सल्ला फुकट का असतो

डेक्कनपासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत चालत गेलं तर वरच्या मजल्यांवर झेंड्यांची चित्रं असलेल्या पाट्या ओळीने दिसतात. अशाच एका कार्यालयात, पंधरा-सोळा वर्षं या व्यवसायात असलेल्या गृहस्थांनी मला गणित समजावून सांगितलं. नाव छापायचं नाही, या अटीवर.

विद्यार्थ्याला समुपदेशन फुकट. पैसे विद्यापीठ देतं: साधारण पहिल्या वर्षाच्या फीच्या पंधरा-वीस टक्के, काही ठिकाणी त्याहून जास्त. मुलगा प्रत्यक्ष तिथे पोहोचला, फी भरली, वर्गात नाव लागलं, की मग काही आठवड्यांनी रक्कम येते. मधेच व्हिसा नाकारला गेला तर वर्षभराची मेहनत पाण्यात. म्हणून ज्याचा व्हिसा येण्याची शक्यता जास्त, असाच मुलगा त्यांना हवा असतो. आणि ज्याच्याकडे फंड्स दाखवायला आहेत, त्याचा व्हिसा यायची शक्यता जास्त. हुशारीचा नंबर त्यानंतर.

छोट्या गावांतल्या एजंटांचा विद्यापीठाशी थेट करार नसतो. ते मोठ्या कंपनीचे सब-एजंट. कऱ्हाडच्या किंवा जळगावच्या क्लासवाल्याने फाइल वर पाठवायची, वरच्याने आपल्या नावाने विद्यापीठात लावायची आणि कमिशन वाटून घ्यायचं. विद्यापीठाला तो क्लासवाला ठाऊकही नसतो. मुलाला मात्र तेवढा एकच माणूस ठाऊक असतो.

‘‘आमच्याकडे दोन याद्या असतात,’’ ते म्हणाले. ‘‘टाय-अप आणि नॉन टाय-अप.’’ टाय-अपमधली विद्यापीठं कमिशन देतात. अमेरिकेतली नावाजलेली बहुतेक देत नाहीत, म्हणून तिथे अर्ज करायचा तर विद्यार्थ्याकडून ‘पॅकेज’चे पैसे घेतात. समोर बसलेल्या मुलाला कोणती यादी आधी दाखवायची? ते हसले. ‘‘आम्हीही दुकानाचं भाडं भरतो, साहेब.’’

या उत्तरात लबाडी नाही, असं मला वाटलं. लबाडी करणारेही आहेतच. कॅनडात २०२३ मध्ये शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली, आणि ती बहुतेकांना आपल्या एजंटाकडून मिळालेली होती. पण सगळा व्यवहार नियमाप्रमाणे चालला, तरी सल्लागाराचा पगार विकणारा देतो, ही गोष्ट राहतेच. घर घेताना दलाल कुणाचा माणूस आहे हे आपण आधी विचारतो. इथे विचारत नाही, कारण भिंतीवर ‘करिअर मार्गदर्शन’ लिहिलेलं असतं.

मदतीपासून बाजारापर्यंत

हे पहिल्यापासून असंच होतं असं नाही. १९५१ मध्ये सुरू झालेल्या कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियाने आशियातल्या तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन नेलं. ती परराष्ट्र धोरणाचा भाग होती आणि शिकून मुलांनी परत जावं अशीच अपेक्षा होती. १९८५ मध्ये त्या देशाने परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण फी लावून घेण्याची मुभा विद्यापीठांना दिली. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या सरकारने त्याआधीच, १९८० पासून, परदेशी मुलांना पूर्ण खर्चाची फी लागू केली होती.

या बदलाचा चालताबोलता इतिहास आयडीपी या संस्थेत सापडतो. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियन विद्यापीठांनी आशियाई विद्यापीठांना मदत करण्यासाठी काढलेली ही संस्था. २०१५ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदली गेली. आज ती मुलांना विद्यापीठांत प्रवेश मिळवून देते, आणि त्या प्रवेशासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची सहमालकही आहे. २०२१ मध्ये तिने ब्रिटिश कौन्सिलकडून भारतातला या परीक्षेचा व्यवसाय १३ कोटी पौंडांना विकत घेतला. इंग्रजी येतं का, एवढं भारतीय मुलांना विचारण्याच्या हक्काची ही किंमत.

विद्यापीठांना ही मुलं लागतात कशाला? इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची फी २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठली होती. २०२५ मध्ये ती ९,५३५ झाली. मधल्या काळात महागाई, पगार, विजेची बिलं थांबली नाहीत. परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर मर्यादा नाही, म्हणून तूट तिथून भरायची. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिकांची फी दहा टक्क्यांनी कापली आणि गोठवली. दोन वर्षांनी त्या प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी सरकारी कॉलेजांचा हिशेब मांडला: विद्यार्थ्यांत परदेशी मुलं ३० टक्के, फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के, आणि त्या परदेशी मुलांपैकी ६२ टक्के एकट्या भारतातली.

म्हणजे ओंटारिओच्या करदात्याने जे द्यायला नकार दिला, ते जालंधर, मेहसाणा आणि अहिल्यानगर जिल्ह्यातून गेलं.

सातबारा चालत नाही

संगमनेरजवळच्या एका गावातले शेतकरी मला बँकेच्या बाकावर भेटले. मुलगी यूकेत एक वर्षाचं एमएस्सी करणार होती. साडेआठ एकर बागायत, दोन विहिरी, सोसायटीचं कर्ज फेडलेलं. एवढं असताना कर्ज मिळायला अडचण कसली, हे त्यांना उमगत नव्हतं.

अडचण कायद्यात आहे. कर्ज थकलं तर न्यायालयात न जाता तारण जप्त करण्याचा अधिकार बँकांना सरफेसी कायद्याने दिला. त्यातून शेतजमीन मात्र वगळली. शेतकऱ्याच्या भल्यासाठीच वगळली. पण मग बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात. साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात, आणि तेव्हा लागतो एनए प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव. विद्यापीठ बँकेच्या निवडक यादीतलं असेल तर तारणाशिवायही मोठं कर्ज मिळतं. मुलीचं विद्यापीठ त्या यादीत नव्हतं. शेवटी या गृहस्थांच्या नाशिकमधल्या मेव्हण्यांचा फ्लॅट तारण पडला. मेव्हण्यांनी सही केली. मेव्हणीने केली की नाही, हे मी विचारलं नाही.

जिथे बँक मागे सरते तिथे बिगर-बँक वित्त कंपन्या पुढे येतात. कागद कमी, व्याज जास्त, काम आठवड्यात. त्यांतली सर्वांत जुनी आणि मोठी म्हणजे मुंबईची क्रेडिला. २०२४ मध्ये एचडीएफसी बँकेने तिच्यातला नव्वद टक्के हिस्सा विकला तो एका स्वीडिश गुंतवणूक समूहाला आणि त्याच्या भारतीय जोडीदाराला. फी बाहेर जाते. त्या फीसाठी काढलेल्या कर्जावरच्या व्याजाचा लाभांशही थोडाफार बाहेर जातो.

कर्जाच्या फॉर्मवर विद्यार्थी ‘अर्जदार’ असतो आणि वडील, आई किंवा मामा ‘सहकर्जदार’. एक साधा हिशेब करून बघा. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमएससाठी ४० लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के. शिकताना आणि त्यानंतरचे सहा महिने हप्ता नाही, पण व्याज साचतं. अडीच वर्षांनी सरळ व्याजानेच रक्कम ५१ लाखांवर जाते. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता सत्तर हजार. अमेरिकेत नोकरी लागली तर हा हप्ता आठशे डॉलरांच्या आत बसतो आणि पोरगं तो सहज फेडतं. पुण्यात, हिंजवडीत, नवा पदवीधर महिन्याला चाळीस-पन्नास हजार मिळवतो. हप्ता पगाराहून मोठा.

या विषयावर मी जे काही पाहिलं-ऐकलं, त्यात मला सर्वांत बोचली ती ही गोष्ट. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तेव्हा परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. (परतल्यावर बडोद्यात त्यांना राहायला घर मिळेना, ही बडोद्याची शरम, कराराची नव्हे.) त्या काळचा कागद माणसाला परत यायला बांधून घेत होता. आजचा कागद परत न येण्यावर उभा आहे. मुलगा परतला तर हिशेब कोसळतो, आणि तो कोसळतो सहकर्जदाराच्या अंगावर. मुलं देशाला विसरतात वगैरे तक्रार आपण करतो, तेव्हा हा फॉर्म आपण भरून दिलेला असतो.

कॉलेज मधल्या मधे

पुण्याबाहेरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, ‘‘तिसऱ्या वर्षाच्या शेवटी वर्गातली पहिली पंधरा पोरं मनाने गेलेली असतात.’’ जीआरई, मग शिफारसपत्रं. शिफारसपत्राचा मसुदा विद्यार्थीच आणतात आणि त्या सही करतात. ऑक्टोबरात इतकी पत्रं येतात की स्वतः लिहायला बसलं तर शिकवायचं कधी? त्याच कॉलेजात एमईच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. पदव्युत्तर वर्गच नाही, म्हणून संशोधन नाही. संशोधन नाही म्हणून चांगला शिक्षक टिकत नाही. आणि शिक्षक नाही म्हणून मुलं आणखी लवकर बाहेर बघतात.

अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते, २००८-०९ नंतर पहिल्यांदाच चीनपेक्षा जास्त. त्यांतले जवळजवळ दोन लाख पदव्युत्तर शिक्षण घेणारे. आपल्याकडे बीईचं शिक्षण कुणाच्या पैशाने झालं, हा प्रश्न मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात विचारला होता. श्रीमंत देशांत गेलेल्या कुशल माणसांच्या मिळकतीवर तिथे कर बसवून तो पैसा मायदेशी द्यावा, अशी त्यांची सूचना होती. ती अमलात आली नाही. तेव्हा निदान फुकट शिक्षण घेऊन माणूस जायचा. आता माणूस जातो, आणि त्याच्या शिक्षणाचे पैसेही आपणच बाहेर पाठवतो.

किती? रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेतून ‘परदेशी शिक्षण’ या शीर्षकाखाली २०२१-२२ मध्ये ५.१७ अब्ज डॉलर बाहेर गेले. २०२४-२५ मध्ये ते २.९२ अब्जांवर आले. हा आकडा पुरा नाही, कारण मुलाच्या खोलीभाड्याचे आणि किराण्याचे पैसे अनेक जण ‘नातेवाइकांचा निर्वाह’ या दुसऱ्या शीर्षकाखाली पाठवतात. पैसा उलट दिशेनेही येतो, त्याहून कितीतरी जास्त, आणि रिझर्व्ह बँकेच्या ताज्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या रकमांत महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वाधिक, वीस टक्क्यांच्या थोडा वर आहे. पण तो पाठवणारे बव्हंशी आधी गेलेले. केरळात २०१८ ते २०२३ या काळात बाहेर गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या जवळपास दुप्पट होऊन अडीच लाखांवर गेली. आखाती मनीऑर्डरींवर उभ्या राहिलेल्या त्या राज्याला आता पोरांसाठी बाहेर पैसे पाठवायची सवय लागते आहे.

लातूरची दुसरी रांग

लातूर-नांदेडच्या क्लासेसच्या भिंतींवर नीटमध्ये चमकलेल्यांचे फोटो असतात. न चमकलेल्यांची रांग त्याच गल्लीत, दुसऱ्या पाटीखाली लागते: रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, फिलिपिन्स. इथल्या खासगी कॉलेजच्या निम्म्याहून कमी पैशात एमबीबीएस. इथे एजंट हॉस्टेल आणि मेसपर्यंत सगळं बघतो. ‘महाराष्ट्रीयन जेवण’ हे जाहिरातीत फीच्याही वर छापलेलं असतं.

अडचण परतल्यावर सुरू होते. भारतात डॉक्टरकी करायची तर एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. जून २०२४ मध्ये तीत सुमारे एकवीस टक्केच उत्तीर्ण झाले. बाकीचे गावातल्या हॉस्पिटलात सहायक म्हणून राबत पुन्हा पुन्हा परीक्षेला बसतात. ग्रामीण भागात डॉक्टर नाहीत म्हणून आपण ओरडतो, आणि डॉक्टरकी शिकलेली, पण इंजेक्शन लिहून देण्याचा अधिकार नसलेली मुलं त्याच तालुक्यात बसून असतात. २०२२ मध्ये युक्रेनमधून वीस हजारांवर भारतीयांना परत आणलं तेव्हा कुठे बऱ्याच जणांना कळलं, की आपली इतकी मुलं खारकीव्हला वैद्यक शिकत होती.

दार लावून घेतलं तेव्हा

ज्यांना मुलं हवी होती त्यांनाच ती जास्त झाली. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि खात्यात दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरांवरून २०,६३५ केली. त्याच महिन्यापासून ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार आणायला बंदी केली. ऑस्ट्रेलियाने व्हिसाशुल्क त्याच वर्षी दुपटीहून जास्त वाढवलं, ७१० वरून १,६०० डॉलर. अमेरिकेने २७ मे २०२५ ला विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या. तीनेक आठवड्यांनी पुन्हा सुरू झाल्या त्या समाजमाध्यमांवरची खाती उघडी ठेवण्याच्या अटीवर. ऑगस्टमध्ये तिथे पोहोचलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. सप्टेंबरात नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरांचं शुल्क लागलं.

ओंटारिओतल्या कॉलेजांनी अभ्यासक्रम बंद केले, हजारो कर्मचारी कमी केले. त्याच्या बातम्या झाल्या. इथे जे झालं त्याची बातमी होत नाही, कारण ते घराघरांत वाटलं गेलं. दुमजली घर बांधायचं थांबलं, धाकट्याचं डिप्लोमावरच भागलं. चिंचवडमधल्या एका निवृत्त कामगाराचा मुलगा कॅनडातून पदविका घेऊन परत आलाय आणि वडील पीएफच्या पैशातून हप्ता भरताहेत. रुपया २०२१ मध्ये डॉलरला ७४ च्या आसपास होता, २०२५ मध्ये ८८ वर गेला. कर्ज रुपयांत मंजूर झालेलं, फी डॉलरांत. दुसऱ्या वर्षाच्या फीला मंजूर रक्कम पुरत नाही, तेव्हा बायकोचे दागिने निघतात. मुलाला राग येतो तो एजंटाचा. वडिलांना कुणाचाच येत नाही. त्यांच्या मते पोराचं नशीब खराब.

एजंटांनी तोवर पाट्या बदलल्या. आता जर्मनी आणि आयर्लंड. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो मात्र आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. फी नाही म्हणजे कमिशनही नाही, म्हणून तिथल्या खासगी विद्यापीठांची नावं यादीत वर सरकली आहेत. पुण्यात जर्मनचे वर्ग पूर्वीपासून भरतात. आता ते सकाळी सहालाही भरतात.

उलव्याच्या दिशेने

उलट वाहतूक आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना शां. ब. मुजुमदारांनी, कावीळ झालेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना पाहिली, आणि परदेशी मुलांसाठी काही करावं म्हणून १९७१ मध्ये सिंबायोसिस काढली. पुढे संस्था कितीतरी मोठी झाली. पण देशभर मिळून परदेशी विद्यार्थी २०२१-२२ मध्ये ४६,८७८, त्यांत सर्वाधिक नेपाळचे.

आता सरकारचा उपाय वेगळा आहे: मुलं जातात ना, मग विद्यापीठंच इकडे आणू. गुजरातेत गिफ्ट सिटीत डीकिन आणि वुलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं २०२४ मध्ये सुरू झाली. जून २०२५ मध्ये मुंबईत यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था यांना इरादापत्रं दिली गेली. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोची ‘एज्युसिटी’ व्हायची आहे. उलव्याच्या बाजूला गेलो तर रस्त्यालगत ‘एज्युसिटीपासून दहा मिनिटं’ असे फ्लॅटचे फलक लागलेले दिसले.

फी रुपयांत जाईल, व्हिसा लागणार नाही, मूल शनिवारी घरी येईल. हे सगळं खरं, आणि त्या संगमनेरच्या शेतकऱ्यासारख्यांना हायसं वाटावं असं. पण आपली मुलं बाहेर जाताना पदवीबरोबर नोकरीचा परवाना विकत घेतात. अमेरिकेतली एमएसची पदवी म्हणजे तिथे किमान एक वर्ष, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांत तीन वर्षं, काम करण्याची मुभा. यॉर्कचं नाव उलव्यात आलं म्हणून ती मुभा उलव्यात येत नाही. आणि ती मुभा वजा केली तर या विद्यापीठांची स्पर्धा आयआयटीशी आणि सीओईपीशी आहे, जिथे फी बरीच कमी.

हाच प्रश्न मी डेक्कनच्या त्या सल्लागारांना फोन करून विचारला. त्यांचा हिशेब वेगळा होता. ‘‘ज्यांचं कर्ज मंजूर होत नाही, ज्यांच्या घरचे मुलीला एकटीला पाठवत नाहीत, ते सगळे तिकडे जातील. चालेल ते.’’

भारतातल्या कॅम्पससाठी ही विद्यापीठं एजंटाला कमिशन देतील का?

‘‘मेल टाकून ठेवलाय,’’ ते म्हणाले.